दह्याची साक्ष

हेमलताबाई आवटींचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दूधवाल्याच्या मापावर नसे, पावसाच्या अंदाजावर नसे आणि ‘सहज आलो होतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यावर तर मुळीच नसे. त्यामुळे कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत डॉक्टर इंगळ्यांनी कापूस लावलेली काडी पुढे करून तोंड उघडायला सांगितलं, तेव्हा बाईंनी आधी काडीचं पाकीट मागून घेतलं, ते नीट बंद होतं का हे खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि मगच आ केला. शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी, सुकुमाररावांनी, काहीही न विचारता तोंड उघडलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना ती सवय लागली होती.

काड्या नळीत गेल्यावर हेमलताबाईंनी पिशवीतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. घरच्या फिल्टरचं पाणी, लिंबाचं लोणचं आणि फिरकीच्या झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात दही. कुणी मागितलं नव्हतं, पण उद्या काही कमी पडलं म्हणून केस हरायला नको, असा त्यांचा हिशेब होता. डॉक्टरांना हसू आलं. पाणी आणि लोणचं परत घेऊन जा म्हणाले, दही मात्र त्यांनी ठेवून घेतलं आणि विरजण घरचंच का, असं विचारलं.

“सासूबाईंच्या वेळचं आहे,” हेमलताबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “जयसिंगपुरात आमच्या घराइतकं जुनं विरजण कुणाकडं नसेल.”

सुकुमारराव त्या वेळी छताकडे बघत होते.

हा सगळा खटाटोप रेवासाठी चालला होता. रेवा त्यांची नात. मुलगा वृषभ आणि सून मृणाल यांनी तिला काही महिन्यांची असताना एका संस्थेतून दत्तक घेतलं होतं. तेव्हा हेमलताबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. कुणाचं मूल, कुठलं मूल, पुढं काय निघेल, अशा शंका काढून त्यांनी दोघांना भंडावून सोडलं. पण पोर घरात आली आणि महिन्याभरात बाई तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तयार होईनात. मऊ भात दह्यात कालवायचा, गरम तर नाही ना म्हणून आधी आपल्या जिभेला लावायचा आणि मग त्याच बोटांनी तिला भरवायचा, असा त्यांचा रोजचा क्रम. बाळाचा चमचा वेगळा ठेवा, असं मृणाल सांगून थकली. वृषभ असाच वाढला, हे त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर होतं.

आणि एका संध्याकाळी हातकणंगल्याजवळ महामार्गावर अपघातात वृषभच गेला.

दुःख प्रत्येकाचं वेगवेगळ्या वाटेनं बाहेर पडतं. सुकुमाररावांचं बोलणंच बंद झालं. हेमलताबाईंच्या दुःखाचा संशय झाला. मृणाल तरुण आहे, आज ना उद्या दुसरं लग्न करणार. नव्या नवऱ्याला पोर नको असणार, आणि पोर तरी हिच्या पोटची कुठं आहे? देईल परत संस्थेत नेऊन. ही शंका त्यांनी आधी शेजारी बोलून दाखवली, मग सुनेच्या तोंडावर, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून सरकारी कचेरीत तक्रार केली. एक अधिकारी बाई घरी आल्या. त्यांनी रेवाला आतल्या खोलीत नेऊन, तुझी मम्मी तुला कुठं पाठवायचं म्हणते का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. सहा वर्षांची पोर बाहेर आली ती आईच्या कमरेला मिठी मारून, आणि रात्रभर तिनं ती सोडली नाही. त्याच आठवड्यात मृणाल तिला घेऊन निघून गेली. फोन बंद, पत्ता नाही. ज्या भीतीनं बाईंनी तक्रार केली होती, ती भीती अशी दुसऱ्याच दारानं खरी झाली.

दोन वर्षं शोधूनही काही हाती लागलं नाही. रक्ताचं नातं असतं तर प्रश्न नव्हता. रक्तावरून माणूस हुडकणं आता पोस्टातून पत्र पाठवण्याइतकं सोपं झालं होतं. पण रेवाचं रक्त आवट्यांच्या घरात कुणाशीच जुळणारं नव्हतं. तेवढ्यात ‘सहवासठसा’ न्यायालयात ग्राह्य धरण्याचा कायदा आला आणि वकील तबस्सुम मोमीन यांनी हेमलताबाईंना आपणहून बोलावून घेतलं.

मोमीन वकिलांनी समजावलं ते असं. प्रत्येकाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं तोंड रिकामं असतं. मग आईच्या पाप्यांतून, आजीच्या उष्ट्या घासांतून ते तिथं येतात आणि एकदा वस्ती केली की वर्षानुवर्षं हलत नाहीत. जंतू वाढताना आपल्या जनुकांच्या नकला करत जातात आणि नक्कल करताना बारीकसारीक चुका होतात. एका घरात जेवणाऱ्यांच्या तोंडात त्याच त्या चुका सापडतात, शेजारच्या घरात वेगळ्या. नव्या यंत्रांना या चुका वाचता येत होत्या. रक्त माणूस कुणाच्या पोटी जन्मला ते सांगतं, हा ठसा तो कुणाच्या हातचं जेवला ते सांगतो.

शाळांमध्ये दरवर्षी दात तपासताना मुलांची लाळ साठवून ठेवत. न्यायालयानं परवानगी दिली की त्या साठ्यात ठसा शोधता येई. मूल सापडलं तरी त्याचं गाव आणि शाळा सुनावणी होईपर्यंत गुप्त राही. हेमलताबाईंना हे शेवटचं कलम काही पटलं नव्हतं. लपवायचं म्हणजे त्यात कुठंतरी पाणी मुरत असणार.

निकाल कळला तो मोमीन वकिलांच्या कचेरीत. डॉक्टर इंगळे भिंतीवरच्या पडद्यावर आले आणि एक आठ वर्षांची मुलगी सापडली आहे म्हणाले. तिच्या दाढेच्या कडेला आणि जिभेवर राहणारे जंतू हेमलताबाईंच्या तोंडातले होते. आजोबांपेक्षाही आजीचा ठसा तिच्यात जास्त होता.

“आई, पोरीत तुम्ही अजून आहात,” डॉक्टर म्हणाले.

हेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला. वृषभच्या वेळी त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या, आज मात्र हुंदका आवरेना. ‘ना रक्ताची, ना नात्याची’ असं एके काळी ज्या पोरीला म्हटलं, ती आपलं काहीतरी तोंडात घेऊन जगात कुठंतरी हिंडते आहे, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला. ती मिळायलाच हवी होती. आता तिच्याशिवाय त्या घरात त्यांना म्हातारं व्हायचं नव्हतं.

रडता रडताही त्यांची नजर मात्र जागी होती. सुकुमाररावांना आनंद झालेला दिसत नव्हता. आश्चर्य तर नाहीच. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे आता त्या दोघींना कोर्टात बोलावणार?”

डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. बाईंनी दिलेलं दही भलतंच कामी आलं होतं. दह्यातले जंतू तोंडातल्यासारखे कायमचे राहत नाहीत, ते पाहुणे असतात. दही खाणं थांबलं की पंधरवड्यात निघून जातात. आणि आवट्यांच्या दह्यातले तेच जंतू, नेमके तेच, रेवाच्या नुकत्याच घेतलेल्या लाळेत सापडले होते. म्हणजे रेवा आजही त्याच विरजणाचं दही खात होती.

मोमीन वकील खुर्चीतून उठल्याच. सून जाताना घरचं विरजण घेऊन गेली आणि रोज तेच दही लावते आहे! पोरीचा ठावठिकाणा आजी-आजोबांना कळू देत नाही, पण त्यांच्या घरचं दही चालतं, हे न्यायाधीशांपुढे मांडलं की ताबा मिळालाच समजा, असं त्या म्हणाल्या.

हेमलताबाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती आणि ती चुकचुकतच राहिली.

घरी आल्यावर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. बाईंनी दूध कोमट केलं, विरजणाचं भांडं पुढे ओढलं आणि हातातला चमचा तसाच राहिला.

सासूबाईंचं विरजण आता होतंच कुठं? गेल्या वर्षी खुब्याच्या ऑपरेशनला बाई दवाखान्यात होत्या, तेव्हा सुकुमाररावांना भांड्याची आठवण राहिली नाही. परत येऊन झाकण उघडलं तर वर गुलाबी बुरशी. तीन पिढ्यांचं विरजण आपल्या हातून गेलं, ही लाज मोठी होती. अथणीहून धाकटी बहीण कमल भेटायला आली, तिनं डब्यातून आपल्या घरचं विरजण आणून दिलं आणि याची वाच्यता करायची नाही असं ठरलं. त्यानंतरही बाई सगळ्यांना सासूबाईंचंच विरजण म्हणून सांगत राहिल्या. डॉक्टरांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

मृणाल गेली ती त्याच्या कितीतरी आधी. तिनं जाताना विरजण नेलं असेल तर ते सासूबाईंचं. मग अथणीचं विरजण रेवाच्या पोटात गेलं कसं?

पहिला संशय कमलवर गेला. बाईंनी तिला फोन लावला, गुडघेदुखीच्या गप्पा मारल्या आणि हळूच दह्याचा विषय काढला. कमल म्हणाली, “अगं आक्का, आता कुठलं विरजण आणि कुठलं काय. सूनबाई पाकिटातलंच आणती. तुझ्याकडं ऱ्हायलंय तेवढंच.”

म्हणजे ते विरजण जगात एकाच स्वयंपाकघरात उरलं होतं. तिथं दोनच माणसं वावरत होती. त्यातल्या एकीनं ते कुठं नेलं नव्हतं, याची हेमलताबाईंना खात्री होती.

सुकुमारराव एक शनिवार सोडून मिरजेला जात. वीज मंडळातले जुने सहकारी बाळासाहेब मगदूम तिथं राहत, त्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला. बाईंना पूर्वी याचाही संशय आला होता आणि मगदुमांना फोन करून त्यांनी खातरजमाही केली होती. मगदूम हो म्हणाले होते. पण जुना मित्र हो म्हणणारच, हे तेव्हा त्यांच्या लक्षात कसं आलं नाही, याचा आता त्यांना स्वतःवरच राग आला.

पुढच्या शनिवारी त्यांनी यजमानांच्या हातात एक बंद डबा दिला आणि मगदुमांना आवडतं म्हणून थोडा खाऊ केलाय म्हणाल्या. सुकुमाररावांनी डबा पिशवीत टाकला. ते जिना उतरून गेल्यावर बाईंनी दह्याचं भांडं उघडलं. एका कडेचं दही काढून चमच्यानं वर सारखं केलेलं होतं. मांडणीवरचा फिरकीचा डबा जागेवर नव्हता.

यजमान अजून बसमध्येच असतील तोवर त्यांनी मगदुमांना फोन केला. आमचे हे पोचतीलच, पण मागच्या खेपेला पाठवलेले बेसनाचे लाडू कसे झाले होते, ते सांगा म्हणाल्या.

“वहिनी, लय भारी झालते,” मगदूम म्हणाले. “हिनं तर दोन खाल्ले.”

मागच्या खेपेला बाईंनी काहीच पाठवलं नव्हतं. या खेपेच्या डब्यातही लाडू नव्हते, चकल्या होत्या.

फोन ठेवून त्या ओट्याला टेकल्या. आपल्याच घरात, आपल्याच शेजारच्या उशीवर निजणाऱ्या माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती. आपण पोरीचे फोटो घेऊन गावोगाव हिंडत होतो, तेव्हा हा बाबा बरोबर हिंडत होता, चहा आणून देत होता, अर्जावर सह्या करत होता. संतापानं त्यांनी पुसलेला ओटा पुन्हा घासायला घेतला. आणि त्याच वेळी, त्यांची इच्छा नसताना, दुसराही एक विचार मनात येऊन गेला. चकल्या आत्ता थोड्या वेळानं रेवा खाईल. तिखट लागतील का तिला?

संध्याकाळी सुकुमारराव आले. बाईंनी मगदूम कसे आहेत विचारलं. त्यांचा घोडा कसा अडकला, वजीर कसा गेला, हे सुकुमाररावांनी इतकं बारकाईनं सांगितलं की एरवी कुणालाही खरं वाटलं असतं. बाईंनी ऐकून घेतलं. त्या भांडल्या नाहीत, त्यांनी विचारलं नाही. कारण मधल्या वेळात त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. खरं बाहेर आलं तर मूल बेपत्ता नव्हतंच, असं होईल आणि अर्ज फेटाळला जाईल. खोटं राहिलं तर रेवा मिळेल. सुकुमारराव बोलणार नाहीत, बोलले तर त्यांनीच शपथेवर केलेली सही खोटी ठरते. मोमीन वकिलांना काही ठाऊक नाही. आपण फक्त गप्प बसायचं. जन्मभर प्रश्न विचारून जे मिळालं नाही, ते एकदा गप्प बसून मिळणार होतं.

सुनावणीच्या दिवशी न्यायालयाच्या ओसरीत त्यांनी रेवाला पाहिलं. उंच झाली होती, पुढचे दोन्ही दात नवे आले होते. मृणालचा हात धरून ती उभी होती. तिची नजर आधी आजोबांवर गेली आणि चेहरा एकदम फुलला. ती हात वर करणार एवढ्यात तिला काहीतरी आठवलं. तिनं हात खाली घेतला आणि ती आपल्या चपलांकडे बघू लागली. हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. आठ वर्षांच्या पोरीला ओळख लपवायला शिकवावं लागतं, ते कुणाच्या भीतीनं, हा प्रश्न हेमलताबाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो मोठ्या कष्टानं बाजूला सारला.

आत रेवाला नेलं नाही. मोमीन वकिलांनी दोन्ही ठसे मांडले. तोंडातला ठसा आजीचा. दह्यातला ठसा आवट्यांच्या तीन पिढ्यांचा. ज्या घरच्या अन्नावर मूल आजही वाढतं आहे, त्या घरापासूनच त्याला लपवून ठेवलं आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं पुराव्याला धरून होतं, आणि त्यातलं दही तेवढं खोटं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

न्यायाधीश बाईंनी मृणालकडे पाहिलं. “तुम्ही घर सोडताना विरजण बरोबर नेलं होतं?”

सुकुमारराव बाकावरून अर्धवट उठले. मृणालनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, मान किंचित हलवली, आणि ते पुन्हा बसले.

“हो,” मृणाल म्हणाली. “नेलं होतं मी.”

हेमलताबाईंनी आयुष्यात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पकडली होती. दूधवाला खोटं बोले ते पाणी लपवायला, पाहुणा खोटं बोले ते काम काढायला, आणि त्या स्वतः विरजणाबद्दल खोटं बोलल्या त्या अब्रू राखायला. प्रत्येक खोट्यात बोलणाऱ्याचा फायदा असतो, हे त्यांचं पक्कं मत होतं. या खोट्यात मृणालचा काय फायदा होता? त्या एका ‘हो’नं तिची बाजू पडत होती. खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती, पण मग सासरे खोटी शपथ घेणारे ठरले असते. बाईंनी त्यात पुन्हा पुन्हा खोट शोधून पाहिली. सापडली नाही. जिच्याबद्दल त्यांनी कचेरीत लिहून दिलं होतं की ही पोरीला टाकून देईल, ती पोरीला गमावण्याच्या टोकाला उभी राहून एका म्हाताऱ्याला पाठीशी घालत होती.

त्या उठल्या तेव्हा मोमीन वकिलांनी त्यांच्या पदराला हात लावून खाली बसायला सुचवलं. त्या बसल्या नाहीत.

“ते विरजण तिनं नेलेलं नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. “सासूबाईंचं विरजण गेल्या वर्षी नासलं. हे अथणीचं आहे, माझ्या बहिणीचं. ही घर सोडून गेली त्यानंतर ते माझ्याकडं आलं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं, डॉक्टरांनापण.”

न्यायाधीश बाईंनी लेखणी खाली ठेवली. मग हे दही मुलीपर्यंत पोचलं कसं, असं त्यांनी विचारलं.

“आमचे हे नेऊन देतात. एक शनिवार सोडून.”

सुकुमाररावांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे मूल बेपत्ता नव्हतं?”

“माझ्यापासून होतं,” हेमलताबाई म्हणाल्या. “आणि ते का, ते आता मला तिनं सांगायची गरज नाही.”

अर्ज तिथंच संपला. शपथेवर खोटं लिहून दिल्याबद्दल सुकुमाररावांना उभं करून न्यायाधीश बाईंनी चांगलंच सुनावलं आणि वयाकडे बघून ताकीद देऊन सोडलं. मग त्यांनी मृणालला विचारलं, पत्ता आजीला द्यायचा का, तुमची इच्छा असेल तरच. मृणालनं ओसरीच्या दाराकडे एकदा पाहिलं.

“पप्पा येत जाऊ देत,” ती सासऱ्यांकडे बघून म्हणाली. “पत्त्याचं मला एवढ्यात नाही सांगता येणार.”

पत्ता गुप्तच राहिला. आजवर सगळ्यांवर संशय घेतलेल्या बाईंना, आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं वाटतं, ते भर न्यायालयात कळलं. ते न्याय्य आहे हेही कळलं, त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

ओसरीत मृणालनं रेवाला दोन मिनिटं त्यांच्यासमोर उभं केलं. तिचा हात मात्र तिनं सोडला नाही. कुठं राहतेस, शाळा कुठली, शेजारी कोण, घरी कोण येतं जातं, असे सगळे प्रश्न जिभेवर आले आणि त्यांनी ते एकेक करून गिळले.

रेवाच बोलली. “आज्जी, चकल्या तू केलतीस?”

“कशावरून?”

“तिखट होत्या. पण मी सगळ्या संपवल्या.”

परतीच्या बसमध्ये रुकडी गाव मागं पडल्यावर सुकुमारराव आपणहून बोलायला लागले. गेल्या वर्षी रेवा तापानं फणफणली होती, अन्नाला शिवत नव्हती. आज्जीच्या हातचा दहीभात पाहिजे म्हणून रडत होती. तेव्हा मृणालनं त्यांना फोन केला, आणि एवढं दही पोचवाल का, पण आईंना कळता कामा नये, अशी अट घातली. “मला सांगायचं होतं, हेमा,” ते म्हणाले. “दर खेपेला वाटायचं, आज सांगावं. पण तू पत्ता काढला असतास.”

काढला असता, यात हेमलताबाईंनाही शंका नव्हती. “आणि विरजण?” त्यांनी विचारलं. “तिला दही लावायला द्यायचं सोडून दर खेपेला तयार दही कशाला न्यायचं?”

“तिनं लावलेलं रेवा खात नाही म्हणाली. तुझंच लागतं.”

यावर बाईंना अभिमान वाटला, आणि वाटल्याची लाजही वाटली.

पुढच्या शनिवारी सुकुमारराव आंघोळ करून आले तेव्हा फिरकीचा डबा ओट्यावर भरून ठेवलेला होता, काठोकाठ. शेजारी चकल्यांचा डबा, या वेळी कमी तिखटाच्या. हेमलताबाईंनी दोन्ही डबे स्वतः पिशवीत ठेवले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. सुकुमारराव दारात घोटाळले. ती काहीतरी विचारेल म्हणून थांबले होते. चाळीस वर्षांत ते कोपऱ्यावर भाजी आणायला निघाले तरी कुठं, कशाला आणि किती वेळ, हे विचारल्याशिवाय बाईंनी त्यांना सोडलं नव्हतं.

“बस चुकेल,” हेमलताबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. पिशवी ओट्यावर ठेवताना जड वाजली. दर खेपेला रिकामा, धुतलेला परत येणारा फिरकीचा डबा आज भरलेला होता. त्यात दही होतं.

“मृणालनं लावलंय,” सुकुमारराव म्हणाले. “तुझ्याच मागच्या दह्याचं विरजण घालून. या खेपेला रेवानं खाल्लं म्हणे. तुला द्यायला सांगितलं.”

हेमलताबाईंनी झाकण फिरवलं. डबा खिडकीपाशी नेला, उजेडात तिरपा करून पाहिला, नाकाशी धरला. पाणी जरा जास्त सुटलं होतं. दूध पातळ येत असणार तिकडं, नाहीतर ही नीट आटवत नसणार, अशी शंका आलीच. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं. थोडं आंबट होतं.

मग त्यांनी स्वतःचं विरजणाचं भांडं बाजूला सारलं, दूध कोमट केलं आणि त्या डब्यातलं चमचाभर दही दुधात घालून हळूहळू ढवळलं. तिकडच्या घरचे जंतू आता या घरात वस्तीला आले. ते कुठल्या गावचे, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि सकाळपर्यंत हलवायचं नाही, अशी सुकुमाररावांना ताकीद दिली.